पावसाचें गणित आणि यंत्राची निवड

पुण्यास शिवाजीनगर भागांत हवामान खात्याची जी जुनी इमारत आहे, तिला पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या 'शिमला ऑफिस' म्हणत आले आहेत. शिमला तर हिमालयाच्या कुशींत. मग त्याचें नांव मुठेच्या कांठीं कसें आलें, असा प्रश्न नवख्यास पडल्यावांचून राहत नाहीं. उत्तर सोपें आहे. १९२८ सालीं हिंदुस्थानच्या हवामान खात्याचें मुख्य ठाणें शिमल्याहून पुण्यास आणण्यांत आलें. कचेरी आली, कागदपत्रें आलीं, आंकड्यांचीं बाडें आलीं आणि त्यांच्यासवें जुनें नांवहि आलें. पुढें १९४४ सालीं मुख्य कचेरी दिल्लीस गेली. परंतु नांव मागें राहिलें, आणि नांवाबरोबर एक कामहि पुण्यासच राहिलें. तें काम म्हणजे यंदाचा पावसाळा कसा जाईल याचें गणित.

या एका गणितासाठीं गेल्या शंभर वर्षांत या शहरानें तऱ्हेतऱ्हेचीं साधनें हातीं घेतलीं. कांहीं लहान असून पुरीं पडलीं, कांहीं मोठीं असून अपुरीं ठरलीं, एक परक्यांनीं नाकारलें आणि एक घरींच घडवावें लागलें. आज घराघरांत, दुकानांत आणि कचेऱ्यांत 'कामासाठीं कोणता संगणक घ्यावा, कोणता मोबाईल घ्यावा' हा प्रश्न उभा राहतो आणि बहुधा किंमत, रूप व शेजाऱ्याची पसंती पाहून तो सुटतो. ज्यांच्या निवडीवर कोट्यवधि शेतकऱ्यांची पेरणी अवलंबून होती, त्यांनीं हा प्रश्न कसा सोडविला, हें पाहिलें म्हणजे लहान माणसाच्या लहान खरेदीलाहि कांहीं दिशा मिळते.

हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. त्यानंतर लागलीच, १८७६ ते १८७८ या वर्षांत, दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. आणि पाऊस येणार कीं नाहीं हें आगाऊ कळल्यास धान्याची कांहीं तजवीज करतां येईल, ही निकड सरकारास भासूं लागली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयावरील बर्फ आणि मैदानांतील पाऊस यांचा संबंध ताडून १८८६ पासून पावसाळ्याचा अंदाज देण्यास आरंभ केला. बर्फ जास्त तर पाऊस कमी, असें तें ढोबळ अनुमान होतें. त्यांच्यामागून आलेल्या जॉन एलियट यांनीं दूरदेशच्या वाऱ्यांची आणि हवेच्या दाबाची माहिती त्यांत मिळविली. तरीहि १८९९ सालीं अंदाज साफ चुकला आणि देशाचा मोठा भाग दुष्काळांत होरपळून निघाला. माहितीचा ढीग वाढला होता, पण ती तोलण्याचा कांटा हातीं नव्हता.

तो कांटा आणला गिल्बर्ट वॉकर यांनीं. १९०४ सालीं ते या खात्याचे प्रमुख झाले, तेव्हां हवामानशास्त्राचें शिक्षण त्यांस नव्हतें. ते केंब्रिजचे नाणावलेले गणिती होते. दोन गोष्टींचे चढउतार एकमेकांशीं कितपत जुळतात, हें उणें एक आणि अधिक एक यांमधील एका संख्येनें सांगण्याची रीत संख्याशास्त्रांत तेव्हां नवी होती. वॉकर यांनीं तीच रीत पावसाला लावावयाचें ठरविलें. दक्षिण अमेरिकेंतील हवेचा दाब, हिंदी महासागरावरील दाब, नाईल नदीचा पूर, हिमालयाचें बर्फ, अशा अनेक ठिकाणच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी घ्यावयाच्या आणि त्यांतील प्रत्येकीची हिंदुस्थानच्या पावसाशीं जोडी लावून पाहावयाची, असें तें काम होतें.

आणि हें काम करणारें यंत्र कोणतें? त्या काळीं 'कॉम्प्युटर' हें यंत्राचें नांवच नव्हतें. बेरजा-वजाबाक्या करणाऱ्या कारकुनास तो शब्द लावीत. वॉकर यांच्या कचेरींतील एतद्देशीय कर्मचारी कागद, पेन्सिल आणि गणिती कोष्टकें घेऊन वर्षानुवर्षें ही आंकडेमोड करीत बसले. त्यांच्या कष्टांतून १९२४ च्या सुमारास एक मोठा शोध बाहेर आला. प्रशांत महासागराच्या एका बाजूस हवेचा दाब चढला कीं हिंदी महासागराच्या बाजूस तो उतरतो, आणि या झोक्याशीं आपला पावसाळा बांधलेला आहे. वॉकर यांनीं त्यास 'दक्षिणी आंदोलन' असें नांव दिलें. आज वर्तमानपत्रांत 'एल् निनो' या नांवानें जी भीति दरवर्षीं डोकावते, तिची दुसरी बाजू ती हीच.

हें साधन जुनें म्हणून त्यास हंसून चालणार नाहीं. त्या कामाला तें अगदीं योग्य होतें. प्रत्येक जोडीचा हिशेब दुसऱ्या जोडीच्या हिशेबावर अवलंबून नव्हता. म्हणून दहा कारकुनांना दहा जोड्या वांटून देतां येत. एकाची चूक दुसऱ्याच्या कागदावर उतरत नसे. शिवाय घाई नव्हती. हा संबंध यंदा सांपडला काय आणि दोन वर्षांनीं सांपडला काय, त्याचें मोल कमी होणारें नव्हतें. काम मोठें, पण वांटण्याजोगें आणि मुदतीचा जाच नसलेलें. अशा कामास सावध माणसें आणि स्वच्छ कागद पुरेसे होते.

त्याच काळांत विलायतेंत लुई फ्राय रिचर्डसन नांवाच्या विद्वानानें हेंच साधन एका निराळ्या कामास लावून पाहिलें, आणि तेथें त्याची गति खुंटली. दोन ठिकाणच्या नोंदींची तुलना करण्यापेक्षां हवेच्या गतीचे नियमच समीकरणांत मांडावे, आजची हवा त्यांत घालावी आणि उद्यांची हवा गणितानेंच काढावी, असा त्यांचा विचार. पहिल्या महायुद्धांत ते फ्रान्समध्यें रुग्णवाहिका चालवीत होते. त्या धामधुमींतच त्यांनीं मध्य युरोपाच्या एका भागासाठीं अवघ्या सहा तासांचा हिशेब हातानें केला. त्यास सुमारें सहा आठवडे लागले, आणि निघालेलें उत्तरहि भलतेंच आलें. हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबार चढेल, असें तें सांगत होतें. प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता. १९२२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं ही चूक लपविली नाहीं. उलट एका विशाल सभागृहाचें चित्र रंगविलें. त्यांत ६४,००० गणक बसले आहेत, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एकेक तुकडा आहे, आणि मध्यभागीं उभा असलेला प्रमुख सर्वांना एका तालांत ठेवीत आहे.

वॉकर यांचें गणित आणि रिचर्डसन यांचें गणित यांतील भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. पुढील सर्व इतिहास त्यावर उभा आहे. रिचर्डसन यांच्या गणितांत पृथ्वीवर एक जाळें पसरलेलें असतें आणि प्रत्येक चौकटींतील हवा शेजारच्या चौकटीवर अवलंबून असते. पुण्यावरची हवा काढावयाची तर मुंबईची, नगरची आणि साताऱ्याची हवा क्षणोक्षणीं माहीत हवी. म्हणून काम वांटून दिलें तरी गणकांना पावलोपावलीं एकमेकांशीं बोलावें लागतें. शिवाय उद्यांच्या पावसाचें उत्तर परवां मिळालें तर तें रद्दींत टाकण्यापलीकडे उपयोगाचें नाहीं. अशा कामास माणसें अपुरीं, हें उघड झालें. आणि १९५० सालीं अमेरिकेंत 'एनिॲक' या विद्युत्-गणकयंत्रावर पहिला यशस्वी प्रयोग झाला, तेव्हांहि चोवीस तासांचा अंदाज काढण्यास जवळजवळ चोवीसच तास लागले. यंत्र पावसाच्या खांद्याला खांदा लावून धांवूं लागलें, एवढेंच. पुढें जाणें अद्याप दूर होतें.

पुण्यास या काळांत जें घडत होतें तें दिसावयास साधें, परंतु पायाभूत होतें. १९३२ सालीं येथें कृषि-हवामानाचा विभाग सुरू झाला आणि डॉ. एल्. ए. रामदास यांनीं जमिनीलगतची हवा, मातीची ऊब आणि पीक यांचा अभ्यास बांधला. देशभरांतील पर्जन्यमापकांच्या नोंदी पुण्यांत जमत आणि छिद्रें पाडलेल्या पत्त्यांवर उतरविल्या जात. १८७५ पासूनची ही शिदोरी आजहि हवामान खात्याच्या पुणें येथील राष्ट्रीय आधार-सामग्री केंद्रांत जतन केलेली आहे. १९६२ सालीं उष्ण कटिबंधाच्या हवामानाचा अभ्यास करणारी संस्था पुण्यास निघाली. तीच आजची पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था होय. पण मोठें गणकयंत्र जवळ नव्हतें. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं 'सी. डी. सी. ३६००' हें यंत्र बसलें, आणि देशभरांतील विद्वानांप्रमाणें पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनाहि त्याचाच आधार होता. चूल एका घरीं आणि स्वयंपाक दुसऱ्या घरीं, अशी ती स्थिति होती.

१९८० नंतरच्या दशकांत भारतानें तीन ते दहा दिवस आधींचा, म्हणजे मध्यम मुदतीचा, अंदाज समीकरणांच्या रीतीनें काढावयाचें ठरविलें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ही मुदत फार मोलाची. पेरणी उद्यां करावी कीं आठवडाभर थांबावें, फवारणी आज करावी कीं नको, हे प्रश्न या मुदतींतले आहेत. त्यासाठीं त्या वेळचें सर्वांत योग्य यंत्र अमेरिकेच्या 'क्रे' कंपनीचें होतें. परंतु अशा महासंगणकावर अण्वस्त्रांचें आणि गुप्त लिपींचेंहि गणित होतें, या भयानें अमेरिकेनें तें सहजीं दिलें नाहीं. भारतानें दोन प्रक्रियकांचा 'एक्स्-एम्‌पी/२४' मागितला. बऱ्याच वाटाघाटीनंतर एका प्रक्रियकाचा 'एक्स्-एम्‌पी/१४' मिळाला, आणि तोहि केवळ हवामानासाठीं वापरण्याच्या अटींवर. १९८८ सालीं स्थापन झालेल्या मध्यम मुदतीच्या अंदाजाच्या राष्ट्रीय केंद्रासाठीं तो दिल्लींत बसविण्यांत आला. ज्या साधनाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते, तें आपल्या घरांत असूनहि पुरतें आपलें नसतें, याची जाणीव त्या प्रसंगानें सर्वांस करून दिली.

त्याच १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे 'सी-डॅक'ची, स्थापना झाली. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या हातीं त्याची धुरा होती. मुदत तीन वर्षांची आणि तरतूद सुमारें ३० कोटि रुपयांची. गणेशखिंडींत पुणें विद्यापीठाच्या आवारांत काम सुरू झालें. येथें निवडीचा प्रश्न मोठा कठीण होता. 'क्रे'सारखा एकच अतिवेगवान प्रक्रियक घडवावयाचा, तर त्यास लागणारे सुटे भाग, कारखाने आणि अनुभव यांपैकीं येथें कांहींच नव्हतें. म्हणून त्यांनीं दुसरी वाट धरली. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें 'इन्‌मॉस' कंपनी 'ट्रान्सप्यूटर' नांवाचे छोटे प्रक्रियक तयार करीत असे. एक ट्रान्सप्यूटर म्हणजे फार मोठें प्रकरण नव्हे. पण दुसऱ्याशीं जोडला जाण्याची सोय त्याच्या अंगींच होती. असे पुष्कळ प्रक्रियक एकत्र बांधून त्यांना एकदिलानें कामास लावणें, हाच तो समांतर संगणनाचा मार्ग. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनें १९८६ सालीं 'फ्लोसॉल्व्हर' नांवाचें लहान यंत्र याच तत्त्वावर बांधलेलें होतें. १९९१ सालीं पुण्याचा 'परम ८०००' लोकांपुढें आला, आणि ज्या देशास यंत्र नाकारलें गेलें होतें त्यानें तें स्वतः उभें केलें म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तो योग्यच होता.

परंतु गाजावाजा ओसरल्यावर एक गोष्ट शांतपणें पाहिली पाहिजे. लग्नघरीं पोळ्या करावयाच्या असतील तर दहा चुली मांडून दहा जणींना कणीक वांटून देतां येते; काम दसपट लौकर उरकतें. पण एकाच कढईंतील पाक दहा जणींना वांटून देतां येत नाहीं. समांतर यंत्राचें असेंच आहे. काम वांटण्याजोगें असेल तर त्याच्यासारखें स्वस्त आणि समर्थ साधन नाहीं. काम एकमेकांत गुंतलेलें असेल तर प्रक्रियकांचा वेळ गणितापेक्षां आपसांतील निरोपांत जातो, आणि त्यांना नीट जुंपण्यासाठीं जुना आज्ञाक्रम मोडून नवा लिहावा लागतो. हवामानाचीं समीकरणें या दुसऱ्या वर्गांतलीं. तेव्हां 'क्रे'च्या जागीं 'परम' ठेवला आणि काम झालें, इतकें तें सोपें नव्हतें. समांतर यंत्रांसाठीं हवामानाचे आज्ञाक्रम नव्यानें रचण्याचें कष्टाचें काम जगभर अनेक वर्षें चाललें. आणि आज मोठमोठीं सर्वच हवामान-यंत्रें समांतर पद्धतीचीं आहेत, हें त्या कष्टांचें फळ होय. पुण्यानें १९८८ सालीं धरलेली वाट हीच पुढें राजमार्ग ठरली. फक्त तो राजमार्ग होण्यास वेळ लागला.

या सर्व खटाटोपाच्या काळांत संपूर्ण पावसाळ्याचा अंदाज मात्र वॉकर यांच्याच जुन्या रीतीनें चालला होता. डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं सोळा घटकांचें एक सूत्र बसविलें. समुद्राची ऊब, हवेचा दाब, हिमालयाचें बर्फ, वाऱ्यांच्या वाटा अशा सोळा गोष्टींवरून देशभरचा सरासरी पाऊस सांगावयाचा. हें सूत्र चालविण्यास महासंगणक लागत नव्हता. एखादा टेबलावरचा साधा संगणक पुष्कळ होता. पुढें बरींच वर्षें अंदाज 'सर्वसाधारण पाऊस' असा आला आणि पाऊसहि सर्वसाधारणच पडला, म्हणून सूत्रावर विश्वास बसला. २००२ सालीं मात्र त्याची कसोटी लागली. अंदाज १०१ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षांत पाऊस ८१ टक्के पडला, आणि एकट्या जुलै महिन्यांत तर निम्म्याच्या आसपासच आला. ज्यांनीं पहिल्या सरींवर बीं पेरलें, त्यांच्या डोळ्यांदेखत तें वाळून गेलें. सूत्रें बदलण्यांत आलीं, घटक कमी-अधिक करण्यांत आले. तरी २००९ सालीं पुन्हां ९६ टक्क्यांच्या जागीं ७८ टक्केच पाऊस पडला.

येथें दोष संगणकाचा होता काय? मुळींच नाहीं. सोळा आंकड्यांचें सूत्र जगांतील सर्वांत वेगवान यंत्रावर चालविलें असतें, तरी उत्तर तेंच आलें असतें. फार तर पापणी लवावयाच्या आंत आलें असतें. काल जें ज्याच्याशीं जुळलें तें उद्यांहि जुळेल, या विश्वासावर सूत्र उभें होतें, आणि निसर्गानें तो करार पाळला नाहीं. कामाची रीतच अपुरी असेल तर मोठें यंत्र घेऊन चूक सुधारत नाहीं, ती लौकर होते एवढेंच.

रीत बदलावयाचें ठरलें तेव्हांच यंत्र बदलण्याची खरी गरज उत्पन्न झाली. २०१२ सालीं केंद्र सरकारनें 'मान्सून मिशन' हातीं घेतलें. समुद्र आणि हवा यांचीं समीकरणें एकत्र जोडून संपूर्ण पावसाळाच गणितांत उतरवावयाचा, हें त्याचें मुख्य सूत्र, आणि पाषाणची संस्था त्याचें मुख्य ठाणें. येथें एक साधा हिशेब पाहण्यासारखा आहे. पृथ्वीवर पसरलेल्या जाळ्याच्या चौकटीची बाजू निम्मी केली, म्हणजे चौकटी चौपट होतात. चौकट लहान झाली कीं वेळेचीं पावलेंहि निम्मीं टाकावीं लागतात, नाहींतर गणित बिघडतें. म्हणजे बाजू निम्मी करतांच आंकडेमोड आठपट झाली. सह्याद्रीचा घाटमाथा भिजतो आणि तेथून थोड्या मैलांवरचा पूर्वेकडील टापू कोरडा राहतो, हा भेद गणितास दिसावयाचा तर चौकट लहानच हवी. मोठें यंत्र कां हवें, याचें हें खरेंखुरें कारण. मोठेपणाची हौस हें नव्हे.

त्याप्रमाणें २०१३ सालीं पाषाण येथें 'आदित्य' हा महासंगणक बसला. २०१८ च्या जानेवारींत 'प्रत्यूष' आला. त्याची क्षमता ४ पेटाफ्लॉप, म्हणजे एका सेकंदांत चारावर पंधरा शून्यें इतक्या गणिती क्रियांची. गंमत अशी कीं, हा 'प्रत्यूष' त्याच 'क्रे' कंपनीचा होता. एकेकाळीं ज्याच्यासाठीं आर्जवें करावीं लागलीं, तो आतां बाजारांत किंमत मोजून घेतां आला. त्याच्या बळावर १२ किलोमीटरच्या चौकटीवर, एकाच वेळीं अनेक शक्यता तपासून, अंदाज देण्यास त्याच वर्षीं आरंभ झाला. पुढें २६ सप्टेंबर २०२४ रोजीं ११.७७ पेटाफ्लॉपचा 'अर्क' राष्ट्रास अर्पण झाला. तो फ्रान्समधील कंपनीकडून घेतलेला आहे. मे २०२५ मध्यें ६ किलोमीटर चौकटीची 'भारत अंदाज प्रणाली' त्यावर सुरू झाली. तरीहि अंदाज तो अंदाजच. यंत्र मोठें झालें म्हणून आभाळ कोणाच्या आज्ञेंत राहत नाहीं. फक्त आपली चूक पूर्वींपेक्षां लहान होते, आणि शेतकऱ्याच्या संसारांत चूक लहान होणें ही लहान गोष्ट नव्हे.

'अर्क' ज्या दिवशीं अर्पण झाला, त्याच दिवशीं पुणें जिल्ह्यास आणखी एक महासंगणक मिळाला, याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नसेल. नारायणगांवजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्या कामासाठीं सी-डॅकनें बांधलेला 'परम रुद्र' सुरू झाला. आकाशांतून येणाऱ्या क्षणिक रेडिओ-स्फोटांचा माग काढणें हें त्याचें एक काम. या शोधांत एकाच नोंदीवर हजारों निरनिराळे तर्क लावून पाहावे लागतात, आणि एका तर्काचा हिशेब दुसऱ्यावर अवलंबून नसतो. म्हणजे हें काम पोळ्यांचें, पाकाचें नव्हे. जातीनें तें वॉकर यांच्या कारकुनांच्या कामाच्या जवळचें आहे. एकाच जिल्ह्यांत, एकाच दिवशीं, दोन कामांसाठीं दोन वेगळीं यंत्रें निवडलीं गेलीं. एक परदेशचें आणि एक घरचें. यांत कोणाचा मान वाढला वा घटला नाहीं. ज्याचें त्यास मिळालें.

आणि या सर्व गणिताचें अखेरचें साधन कोणतें? तें पाषाणला नाहीं, खोडदलाहि नाहीं. तें बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या खिशांत आहे. २०१९ सालीं 'मेघदूत' नांवाची मोबाईलवरची सोय सुरू झाली. तींत जिल्ह्याचा अंदाज आणि पिकाविषयींचा सल्ला आपल्या भाषेंत मिळतो. पाषाणच्या संस्थेनेंच तयार केलेली 'दामिनी' ही सोय आपण उभे आहों तेथून २० ते ४० किलोमीटरच्या टापूंत वीज पडण्याचा संभव असल्यास इशारा देते. झाडाखालीं आसरा घेऊं नये, एवढें वेळेवर कळलें तर जीव वांचतो. येथें पेटाफ्लॉप कामाचे नाहींत. येथें पाहावयाचें तें एवढेंच कीं, बॅटरी दिवसभर टिकते कीं नाहीं, भर उन्हांत पडद्यावरचीं अक्षरें दिसतात कीं नाहीं, वाडीवर जेमतेम मिळणाऱ्या नेटवर्कवर निरोप पोंचतो कीं नाहीं, आणि तो मराठींत वाचतां येतो कीं नाहीं. अकरा पेटाफ्लॉपचें यंत्र आणि कांहीं हजारांचा मोबाईल ही एकाच सांखळीचीं दोन टोकें आहेत. खालचें टोक तुटलें तर वरचें सोन्याचें असूनहि व्यर्थ.

शतकभराच्या या अनुभवाचें सार घरगुती भाषेंत सांगावयाचें तर साधन घेण्यापूर्वीं पांच प्रश्न विचारावेत. पहिला, काम केवढें आहे? गोवारीकरांच्या सोळा आंकड्यांस महासंगणक लागला नाहीं. तसा पत्रव्यवहार आणि दुकानाचा हिशेब यांसहि चित्रपट जोडण्याच्या तोडीचा संगणक लागत नाहीं. दुसरा, काम कोणत्या जातीचें आहे? बसून, सलग, शेकडों ओळींचें लिहावयाचें असेल तर मोठा पडदा आणि खरा टंकफलक हवा, तेथें मोबाईल अपुरा. हिंडून, चार ओळींत, छायाचित्रासह टिपावयाचें असेल तर मोबाईलच बरा, तेथें मोठा संगणक म्हणजे ओझें. तिसरा, उत्तर केव्हांपर्यंत हवें? वॉकर यांस वर्षें होतीं, रिचर्डसन यांस तास नव्हते. चौथा, ज्या आज्ञाक्रमावर काम चालावयाचें तो या यंत्रावर चालतो काय, आणि त्याची दुरुस्ती व सुटे भाग कोणाच्या मर्जीवर आहेत? हा प्रश्न न विचारल्याची किंमत मागाहून मोजावी लागते. आणि पांचवा, तें शेवटीं कोणाच्या हातीं जाणार आहे? ज्याच्या हातीं जाणार, त्याची भाषा, त्याची नजर आणि त्याचें गांव पाहूनच साधन घ्यावें.

कोणी म्हणेल, इतका विचार कशाला. बाजारांत जें सर्वांत नवें तें घ्यावें म्हणजे झालें. परंतु नवें हें वर्षभरांत जुनें होतें. 'प्रत्यूष'नंतर सहा वर्षांत 'अर्क' आलाच. कामाची ओळख मात्र जुनी होत नाहीं. शिमला ऑफिसच्या कारकुनांनीं पेन्सिलीनें काढलेला समुद्रावरचा तो झोका शंभर वर्षें होऊन गेलीं तरी खरा आहे, आणि पाषाणच्या महासंगणकास आजहि तो आपल्या गणितांत धरावा लागतो. त्या माणसांपाशीं साधन थोडें होतें, पण कशासाठीं तें हातीं घेतलें आहे हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरेंच. परंतु त्याआधीं आपणांस निजावयाचें आहे कीं प्रवासास निघावयाचें आहे, हें ठरवावें लागतें.